उष्ट्याच्या बादलीचं वजन

उष्ट्याची बादली वजनाला लावायची ही अक्कल नेमकी कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. मोठ्या बाई म्हणायच्या कमिटीची, कमिटी म्हणायची बाईंची. कुणाची का असेना, एका सोमवारी दुपारी शाळेच्या स्वयंपाकघरात छताच्या हुकाला काटा टांगला गेला, त्याला निळी प्लॅस्टिकची बादली अडकवली गेली आणि काटा नवाच्याही पुढे गेला.

"बादली सोडून नऊ किलो," मोठ्या बाई म्हणाल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. कधी आवाज चढवायच्या नाहीत, म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटायची. "आज तुमच्याकडून भाजी किती आली होती?"

"वीस किलो," सूनबाई म्हणाली.

"म्हणजे जवळजवळ अर्धी इथे आली."

सूनबाई बादलीत बघत उभी राहिली. उजाडायच्या आत वाकून वाकून तिनेच तोडलेल्या शेंगा होत्या त्या. एकेका शेंगेचा एकेक घास घेतलेला आणि उरलेला चोथा थुंकलेला. गाजराच्या चकत्या तर कुणी चाखल्याही नव्हत्या, जशा वाढल्या तशा आल्या होत्या. तिला वाटलं, आपल्याच तोंडावर कुणीतरी थुंकलंय.

"महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कमिटी येणार आहे," बाई म्हणाल्या. "अध्यक्षांचं म्हणणं असं, की मुलं भाजी टाकूनच देणार असतील तर मागची पट्टी ठेवायची कशाला? तिथे फरशी टाकू, शाळेच्या गाड्या उभ्या राहतील. मी तीन आठवडे मागून घेतलेत. बादली दोन किलोच्या आत आली पाहिजे."

"आणि नाही आली तर?"

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

पट्टी म्हणजे शाळेच्या मागच्या भिंतीपासून ओढ्यापर्यंतची लांबट जमीन. मालकी शाळेची. बावीस वर्षांपूर्वी शाळेने सूनबाईच्या सासऱ्याशी कागद केला होता: राबायचं तुम्ही, शाळेच्या दिवसाला वीस किलो भाजी स्वयंपाकघरात टाकायची, उरेल ते तुमचं. त्या उरलेल्यावर घर चालायचं. घरामागे त्यांची स्वतःची म्हणून जी जमीन होती तिच्यात दगड पिकायचे आणि एक बकरी बांधली जायची, बस्स. पट्टी गेली की सगळंच गेलं, हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता.

सासऱ्याला सगळे 'मणभर' म्हणायचे. खरं नाव काय ते आठवायला त्याला स्वतःलाही थोडा वेळ लागला असता. माणसाला दुसरं मापच माहीत नव्हतं. पाऊस पडला की मणभर, पाहुणे आले की मणभर, डास चावले तरी मणभर. बायको गेली तेव्हा दोन दिवस गप्प होता, तिसऱ्या दिवशी म्हणाला, छातीवर मणभर ओझं आहे. भाजीचंही तसंच. कोबी पोराच्या डोक्याएवढा झाल्याशिवाय तो त्याला हात लावू द्यायचा नाही. गाजर मनगटाएवढं, बीट दोन हातांत मावेल न मावेल असं. पाटी उचलताना उचलणाऱ्याच्या तोंडून 'आई गं' निघालं की त्याला बरं वाटायचं.

संध्याकाळी सूनबाईने बादलीची गोष्ट सांगितली तेव्हा तो पायाचा चिखल धूत होता. धुता धुता थांबला.

"पोरांचे दात पडलेत का?" तो म्हणाला. "बावीस वर्षांत विसाचे एकोणीस केलेत का मी कधी? पुरात, उन्हात? तुझं लग्न होतं त्या दिवशी सकाळीसुद्धा पाटी टाकून आलो होतो. विचार तुझ्या नवऱ्याला."

नवरा दुधाची गाडी चालवायचा. पहाटे जायचा, संध्याकाळी यायचा, आणि घरातल्या कुठल्याही भांडणात मधे पडायचं नाही असा त्याचा नेम होता. तरी म्हणाला, "बाबा, प्रश्न वजनाचा नाही. पोरं खात नाहीत, असं म्हणतायत ते."

"खायचं काम त्यांचं. माझं काम पिकवायचं."

"असं बाईंना सांगू का?"

"सांग! घाबरतो का काय मी?" असं म्हणून मणभरने एकच पाय दोनदा धुतला आणि दुसरा तसाच चिखलाचा घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी पाटी टाकून सूनबाई लगेच परतली नाही. जेवणाच्या शेडच्या दाराशी उभी राहिली. एकशे दहा पोरं रांगांत बसलेली. तिची स्वतःची मुलगी, चौथीतली चिमी, तिसऱ्या रांगेत. चिमीच्या शेजारी एक पोरगी होती, तिचे समोरचे तीन दात एकदमच पडले होते म्हणून वर्ग तिला 'खिंडार' म्हणायचा, आणि ती त्या नावाला बिनदिक्कत ओ द्यायची. खिंडारने शेंग तोंडात घातली, बाजूच्या दातांनी चावली, चावली, अजून चावली, मग तोंडात बोट घालून एक लांबलचक दोरा बाहेर ओढला. पोरं खिदळली.

"काकू," तिने दाराशी उभ्या सूनबाईला विचारलं, वाईट हेतू काहीच नव्हता, "ह्याने कपडे शिवता येतात का हो?"

सूनबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. स्वयंपाकाच्या मावशी मागून म्हणाल्या, "माझ्याकडे नको बघूस. दीड तास उकडते मी. ह्याच्यापेक्षा जास्त उकडलं तर ताटात वाढायला चमचा नाही, पळी लागेल. वर पाणी हिरवं आणि आत लाकूड तसंच." मावशींच्या तोंडाला फाटक नव्हतं, पण त्या खोटं बोलत नव्हत्या.

त्या दिवशी बादली साडेआठ. गुरुवारी सात. मग शुक्रवारी एकदम चार! पुढच्या सोमवारी तीन, आणि मंगळवारी चक्क दोनाला थोडी कमी. सूनबाईने काट्याकडे दोनदा बघितलं, बादलीला खालून कुणी हात तर लावत नाही ना म्हणून वाकूनही बघितलं.

"काय केलंस गं?" मावशींनी विचारलं.

"मी काहीच नाही केलं."

"मग चांगलंच केलंस."

घरी आनंदीआनंद झाला. मणभर छाती काढून चालायला लागला. वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगायचा, बघा, पोरांचे दात परत आले. नवऱ्याने जरा जास्तीचं दूध आणलं. सूनबाई किती दिवसांनी रात्री कूस न बदलता झोपली.

बुधवारी तिने कपडे धुवायला काढले. चिमीच्या शाळेच्या झग्याला दोन मोठे खिसे होते. पहिला खिसा उलटा केला तर आतून सगळा लालभडक. पोरीला काही लागलं-बिगलं की काय? मग बोटाला काहीतरी बुळबुळीत लागलं. बीट. उकडलेल्या बिटाची अख्खी फोड, चेंदामेंदा झालेली. दुसऱ्या खिशात शेंगांचा लगदा होता, आणि वास असा की बाजूला झाडाखाली बांधलेली बकरीसुद्धा तोंड फिरवून बसली.

"चिमे! इकडे ये आधी!"

चिमी आली, झगा बघितला, आणि खालचा ओठ बाहेर काढला.

"हे काय आहे?"

"भाजी."

"मला दिसतंय भाजी. खिशात कशी गेली?"

"सगळेच भरतात," चिमी म्हणाली. "आमचा अख्खा वर्ग. तिसरीतलेपण. ज्यांना खिसे नाहीत ते मोज्यात. मग टाकीमागे नेऊन टाकतो. बादली जड झाली तर आजोबांची पट्टी जाणार ना? मी सांगितलं सगळ्यांना. खिंडार म्हणाली, मग आपण बादलीत टाकायचंच नाही." आणि ती रडायला लागली. "आई, आम्ही खायला बघितलं. खरंच बघितलं. गिळतच नाही."

सूनबाई दगडावर बसली. रागवावं की पोरीला पोटाशी धरावं, काही सुधरेना. एवढी माया त्या एवढ्याशा पोरांची, की शंभर पावलं मोज्यात गरम बीट घेऊन चालतात, पण घास काही घशाखाली उतरत नाही. शेवटी तिने दोन्ही केलं. आधी पाठीत एक धपाटा घातला, मग जवळ घेतलं.

शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे ती स्वतः जाऊन आली. ढीग गुडघ्याएवढा होता. माश्या घोंघावत होत्या. आपली महिनोन्महिन्यांची मेहनत अशी ढिगाने सडताना बघून तिला ओरडावंसं वाटलं. गप्प बसायचं मनात आलं नाही असं नाही. शनिवार दहा दिवसांवर होता. पोरं भरतायत खिसे तर भरू देत, बादली हलकी दिसते आहे, कुणाच्या बापाला कळणार आहे! पण असा विचार केला की तो वास नाकात यायचा. ती तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाई खिडकीकडे वळल्या. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला असं सूनबाईला वाटलं, पण हसल्या नाहीत.

"तुम्ही मला हे सांगितलंत म्हणजे आकडे पुन्हा पहिल्यापासून," त्या म्हणाल्या. "उद्यापासून मी दारात उभी राहीन. खिसे, मोजे सगळं बघेन."

"हो बाई."

"आणि मुलांना शिक्षा होणार. अन्न टाकलं, खोटेपणा केला. सकाळचा पहिला तास आठवडाभर पट्टीत काम. ज्यांचे कष्ट टाकून दिले, त्यांच्या हाताखाली राबू देत जरा. चौथीपासून सुरुवात."

म्हणजे मणभरला सांगणं आलं. सूनबाईने जेवायच्या आधी सांगितलं, कारण जेवल्यावर सांगितलं असतं तर त्याला फसवल्यासारखं वाटलं असतं. मणभर उठला, चपला घातल्या, एकटाच शाळेकडे गेला. परत आला तेव्हा दिवेलागण झाली होती.

"मणभर असेल," एवढंच म्हणाला, आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. त्या रात्री घरात कुणालाच जेवण गेलं नाही.

सकाळी चौथीची सव्वीस पोरं माना खाली घालून पट्टीत आली. मणभर कंबरेवर हात ठेवून उभा होता. शिव्या देईल असं वाटत होतं, पण नुसताच करड्या आवाजात बोलला. "हे गाजराचे वाफे. दाट झालेत. एक ठेवायचं, शेजारचं उपटायचं. चार बोटं अंतर. उपटलेलं ह्या टोपलीत टाकायचं. बकरीला आहे ते. ठेवायच्या रोपाला धक्का लागला तर गाठ माझ्याशी आहे."

पोरं उकिडवी बसली. माती रात्रीच्या पाण्याने मऊ होती. पहिलं गाजर चिमीने उपटलं, करंगळीएवढं, टोकाला केसासारखं मूळ. तिने ते टोपलीत टाकलं. शेजारी खिंडारने दुसरं उपटलं, इकडे तिकडे बघितलं, झग्याला पुसलं, आणि बाजूच्या दातांत घातलं. कर्रकन आवाज झाला.

सूनबाई पलीकडच्या वाफ्यात खुरपत होती. तिने मान वर केली. खिंडार चावत होती, गिळत होती, आणि हात परत वाफ्याकडे गेला होता.

"ए! ते बकरीचं आहे!" मणभर ओरडला.

खिंडार तोंड भरलेलं असताना म्हणाली, "बकरीची मजा आहे, आजोबा."

मग काय, एकाने खाल्लं म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने म्हणून दहाव्याने. सगळीकडून कर्र कर्र. कुणी माती पुसत होतं, कुणाला तेवढाही धीर नव्हता. एका पोराने शेंगांच्या वेलाखाली डोकं घातलं आणि काडीएवढ्या बारक्या शेंगा खुडून तोंडात टाकायला लागला. अख्ख्या तासाची विरळणी झाली आणि बकरीच्या टोपलीचा तळही झाकला नाही.

"आजोबा," चिमी म्हणाली, "शाळेत हीच का नाही देत तुम्ही?"

"अगं वेडाबाई, ही झालीत कुठे अजून? ह्यांना अजून महिना आहे."

सूनबाईने हळूच एक गाजर उचललं, पदराला पुसलं आणि खाल्लं. अकरा वर्षं ती ह्या पट्टीत राबत होती. कोवळं तोडलेलं काही ह्या घरात तोंडी लागलं नव्हतं. मणभरच्या राज्यात तो गुन्हाच होता. गाजर गोड होतं, आत लाकूड नव्हतं, आणि चावायला कष्ट नव्हते. ती खुरपं हातात धरून तशीच बसून राहिली. पोरांचे दात ठीक होते, मावशींची चूल ठीक होती, जमीनही ठीक होती. चुकत होतं ते एवढंच, की वीस किलो भरायचे म्हणून घरचे सगळे महिनाभर उशिरा तोडत होते.

रात्री तिने विषय काढून बघितला. मणभरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणून दुसऱ्या दिवशी, उजाडताना, तिने न विचारताच सुरुवात केली. बोटाएवढ्या शेंगा खुडल्या, दाट वाफ्यातली गाजरं उपटली, मुठीएवढे बीट काढले. दोन पाट्या झाल्या आणि मागून आवाज आला.

"काय चाललंय हे?"

"पोरांना खाववेल असं तोडतेय, बाबा."

"वजन किती भरतंय?"

"चौदा. जास्त तोडलं तर वाफे ओस पडतील."

"चौदा!" म्हाताऱ्याच्या कपाळाची शीर टरारली. "कागदावर वीस आहे. सही माझी आहे. बावीस वर्षं एक किलो इकडचा तिकडे केला नाही, आणि तू माझ्या नाकासमोर अर्धवट माल तोडून शाळेत नेणार? लोक म्हणतील, म्हातारा थकला, आता कच्चं खुडून दिवस काढतो!"

सूनबाईने ह्या माणसापुढे आजवर आवाज चढवला नव्हता. आज तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "म्हणू देत लोक! तुमचे वीस किलो टाकीमागे सडले, बाबा. डोळ्यांनी बघून आलात ना? वजन तुमचं राहील, पट्टी राहणार नाही. मग कशाचं वजन करणार आहात?"

मणभरच्या हातात विळा होता. तो त्याने सरीत टाकून दिला, पंपाच्या ओट्यावर जाऊन पाठ करून बसला. तरी सूनबाईने पाट्या भरल्या आणि एकटीने दोन खेपांत नेल्या. पाट्या हलक्या होत्या, पण पाय उचलत नव्हते.

"एवढंच?" मावशी म्हणाल्या.

"एवढंच. आणि मावशी, आज पाणी उकळलं की टाका आणि दहा मिनिटांत काढा. गाजरं तर शिजवूच नका, नुसती धुवून द्या."

"आता तू मला स्वयंपाक शिकव."

"मावशी, पाया पडते."

"पडू नकोस, कंबर धरेल," मावशी म्हणाल्या आणि पातेल्यावरचं झाकण काढलं.

मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या. बोलल्याप्रमाणे त्यांनी खिसे बघितले, मोजे बघितले, एकाची टोपीसुद्धा उलटी केली. बादली तीन भरली. दुसऱ्या दिवशी अडीच. सोमवारी दीड. तिसरीचा वर्ग पट्टीत येऊन गेला तेव्हा एक. घरी मणभर बोलत नव्हता. पाणी सोडायचा, खतं द्यायचा, विळ्याला हात लावायचा नाही. ताट समोर आलं की खायचा आणि उठायचा. नवरा दोघांच्या मधे बसून हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि त्या कुणीच ऐकायचं नाही.

बुधवारी मावशींनी सूनबाईला बाजूला घेतलं. "तुझा म्हातारा काय करतोय गं? जेवणाच्या वेळी मागच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. तीन दिवस झाले. बादलीचा काटा बघतो आणि जातो."

सूनबाईच्या मनात पाल चुकचुकली. आपण कुठे तोंडावर पडतो त्याची वाट बघतायत की काय?

शनिवारी कमिटी आली. तिघं जण होते, त्यातले दोघं अध्यक्ष काय म्हणतायत ते बघून मान हलवणारे. अध्यक्षांचं टायरचं दुकान होतं, त्यामुळे गाड्या उभ्या राहायला जागा हवी हे त्यांना मनापासून पटलं होतं. पोरं जेवली. बादली टांगली. बादली सोडून काटा अर्ध्या किलोवर थांबला. मोठ्या बाईंनी सूनबाईकडे बघून हलकेच मान हलवली.

पण अध्यक्ष वही उलटत होते. "एक मिनिट. आज भाजी आली किती? चौदा? आणि काल? तीही चौदा. कागदावर वीस आहे ना?" त्यांनी वही मिटली. "अहो, भाजीच कमी आणली तर बादली हलकी होणारच! ह्यात काय मोठं केलंत? उलट करार मोडलात. म्हणजे जागा मोकळी करून घ्यायला आम्हाला आता वेगळं कारणसुद्धा नको."

सूनबाई बोलायला गेली तर ततपप झालं. तिने कितीतरी वेळा मनात घोळवलेली वाक्यं एकसुद्धा आठवेना. संपलं, असं तिला वाटलं. माझ्याच हाताने घालवली पट्टी.

"थांबा," दारातून आवाज आला. मणभर होता. धुतलेला सदरा घातला होता, आणि बटणं एकाआड एक चुकली होती. तो आत आला, काट्याखाली जाऊन उभा राहिला. "वजनाचं मला विचारा. माझा जन्म त्यात गेलाय."

"बोला आजोबा," मोठ्या बाई म्हणाल्या.

"आधी मी वीस द्यायचो. नऊ बादलीत जायचे. पोरांच्या पोटात किती गेले?"

अध्यक्ष म्हणाले, "अकरा."

"आता ही चौदा देते. अर्धा बादलीत गेला. पोटात किती?"

मान हलवणाऱ्यांपैकी एक जण बोटं मोजत होता. तेवढ्यात खिंडार रांगेतून ओरडली, "साडेतेरा!"

"साडेतेरा," मणभर म्हणाला. "बावीस वर्षं मी पाटीचं वजन करत आलो, साहेब. पोटाचं कधी केलं नाही. चूक माझी आहे, हिची नाही. हिचा माल माझ्यापेक्षा अडीच किलो जास्त आहे. कागदावर लिहायचं तर आता हे लिहा."

अध्यक्षांनी एकदा काट्याकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याच्या चुकलेल्या बटणांकडे. मग ताटातली एक शेंग उचलली, दोरा निघतो का म्हणून वाकवून बघितली. ती कट्कन मोडली. त्यांनी ती खाल्ली. मग दुसरी खाल्ली. तिसरी खायला हात गेला तेव्हा खिंडारने आपलं ताट मागे ओढलं.

"ते माझं आहे," ती म्हणाली.

पहिल्या हसल्या त्या मोठ्या बाई, आणि ते बघून पोरांनी जो गलका केला तो आवरेना. अध्यक्षही हसले, कारण न हसून करतात काय! "राहू दे पट्टी," ते म्हणाले. "गाड्या रस्त्यापलीकडे लावू, तिथे माझ्या दुकानासमोर जागा आहे. पण बाई, हे पट्टीतलं काम शिक्षा म्हणून नको. प्रत्येक वर्गाचा आठवड्यातला एक तास तिथे ठेवा."

मान हलवणाऱ्या दोघांनी मान हलवली.

सूनबाई बाहेर आली ती थेट मागच्या नळापाशी. ओट्यावर बसली आणि हसायला लागली, हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. सुटलो बाई, सुटलो, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि ऐकायला तिथे कुणी नव्हतं म्हणून आणखी एकदा म्हणाली. मग तोंडावर पाण्याचे सपकारे मारले.

मणभर येऊन थोडा लांब उभा राहिला. खाकरला. खिशात हात घातला, काढला, परत घातला. ह्या माणसाला माफी मागायची सवय नव्हती, आणि ती आज लागेल असंही काही दिसत नव्हतं.

"बटणं चुकलीत तुमची, बाबा," सूनबाई डोळे पुसत म्हणाली.

"असू देत." तो पट्टीकडे बघत होता. अकरा वर्षांत कुठला वाफा कधी काढायचा हे त्याने एकट्यानेच ठरवलं होतं. सकाळी उठून तो बोट दाखवायचा आणि घर तिकडे चालायला लागायचं. आता त्याने तिच्याकडे न बघता विचारलं, "सोमवारी कुठल्या वाफ्यातलं तोडायचं?"

सूनबाईने नळ बंद केला, पदराने हात पुसले.

"ओढ्याकडच्या शेंगा आधी," ती म्हणाली. "त्या सोमवारनंतर जून होतील. आजच संध्याकाळी बघून येऊ या का?"

"चल," मणभर म्हणाला. "पण आधी काहीतरी खायला दे. सकाळपासून उपाशी आहे मी."